बोरकुटे सरांचा विषय

बोरकुटे सर लोकांना विषय वाटत फिरायचे. ओळख झाली, नाव-गाव विचारून झालं, की त्यांचा तिसरा प्रश्न ठरलेला असे, "तुमचा विषय काय जी?" समोरचा माणूस गोंधळला की सर क्षणभर त्याला निरखून बघत आणि त्याच्या योग्यतेचा एक संशोधनविषय देऊन मोकळे होत. कॉलेजसमोरच्या सलूनवाल्याला त्यांनी 'ब्रह्मपुरीतील डोक्यांवरचे भोवरे' हा विषय दिला होता. तो भला माणूस दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाचा भोवरा डावीकडे की उजवीकडे, हे आरशाशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहीत होता. वडसा गाडीच्या कंडक्टरला 'उतारू खोटं कधी बोलतो' हा विषय मिळाला होता. आमच्या हेडक्लार्कला 'अर्जातील नम्र हा शब्द आणि अर्जदाराचा प्रत्यक्ष स्वभाव'. प्राचार्यांना तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "सर, तुमचा विषय मौन आहे. पण तुमचं फील्डवर्क कमी पडून राह्यलं."

एवढ्या लोकांना विषय देणाऱ्या या माणसाला स्वतःचा विषय मात्र ठरवता आला नव्हता. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इंग्रजीची तात्पुरती लेक्चरर म्हणून लागले ते ऐंशीच्या दशकातलं एक कडक उन्हाळ्याचं वर्ष. तेव्हा सरांना पीएच.डी.चा विषय निवडायला लागून अकरावं वर्ष चालू होतं. लेखक ठरलेला होता. गेल्या शतकातला एक अमेरिकन कादंबरीकार. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण सरांनी ते वर्गाबाहेर कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. ते त्याला 'आमचा म्हातारा' म्हणत. जणू तो आरमोरीकडचा त्यांचा चुलता होता आणि धानाच्या हंगामात येऊन जायचा.

म्हाताऱ्यानं जंगलावर लिहिलं होतं. झाडं तोडणारे लोक, त्यांचे तळ, नदीतून वाहत जाणारे ओंडके, लांबलचक हिवाळे. आलापल्लीच्या एका लाकूड ठेकेदाराच्या घरी त्याचे सात खंड धूळ खात पडले होते, ते सरांनी तरुणपणी मागून आणले होते. "पुण्या-मुंबईच्या लोकाईले म्हातारा काय समजते," सर म्हणत. "त्यायनं सागाचा डेपो तरी पाह्यला काय? म्हातारा आपल्याकडचा माणूस आहे. फक्त जन्म तिकडं झाला."

सातव्या खंडाची शेवटची तीसेक पानं वाळवीनं खाल्ली होती. नेमकी तीच कादंबरी अभ्यासक्रमाला लागली. सरांनी शेवट स्वतः रचला आणि सहा वर्षं शिकवला. त्यांच्या शेवटात नायक लाकूडतोडीचा धंदा सोडून शेती करतो. पुढे एका विद्यार्थिनीनं नागपूरहून धड प्रत आणली. तिच्यात नायक नदीत बुडून मरत होता. सरांनी ती पानं उभ्यानंच वाचली आणि पुस्तक परत दिलं. "म्हातारा घाई करून गेला इथे," ते म्हणाले. "परीक्षेत त्याचा शेवट लिहा. पण लक्षात आपला ठेवा."

तर मी लागले आणि महिनाभरातच प्राचार्यांनी मौन सोडून सांगितलं, की सत्र संपायच्या आत एम.फिल.ला नाव नोंदवा, नाहीतर पुढच्या वर्षी जागा ठेवता येणार नाही. आमच्या घरात कॉलेजात शिकवणारी मी पहिलीच. बाबा नव्हते. माय गडचिरोलीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात कामाला होती. वस्तीतल्या विहारात माझी नेमणूक झाल्याचं जाहीरपणे सांगून झालं होतं. जागा गेली तर तेही सांगावं लागलं असतं.

मी नागपूरला जाऊन एक मार्गदर्शक गाठले. सभ्य, उतारवयाचे गृहस्थ होते. लेखक कोणता, हे मी आधीच ठरवून गेले होते, कारण सगळे सात खंड ब्रह्मपुरीत फुकट वाचायला मिळत होते. त्यांनी घड्याळाकडे बघत सांगितलं, "निसर्ग घ्या. त्यांच्या कादंबऱ्यांतील निसर्ग. सगळे तेच घेतात." मी आनंदानं परत आले आणि स्टाफरूममध्ये सरांना सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "मेश्राम बाई," ते म्हणाले, "तुमी गडचिरोलीच्या. घराच्या मागं पाच कोसावर वाघ. आन तुमी निसर्ग कागदात शोधून राह्यल्या?"

"सर, मला पंधरा दिवसांत विषय द्यायचाय."

"तर मंग आजपासून लागा. विषय स्टँडवर तपासायचा असते."

ही त्यांची पद्धत होती. संध्याकाळी पाचला ते एस.टी. स्टँडवरच्या सुखदेवभाऊंच्या टपरीवर जात आणि त्या दिवशीचा विषय मोठ्यानं, शुद्ध मराठीत सांगत. सुखदेवभाऊ उंचावरून चहा ओतायचे. ओतता ओतता त्यांचा हात थांबला तर विषय चांगला, न थांबला तर रद्द. अकरा वर्षांत हात एकदाही थांबला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही निसर्ग तपासला. सुखदेवभाऊंनी धार मोडली नाही, उलट दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुटे विचारले. दुसऱ्या दिवशी 'एकाकीपणा'. त्यावर ते म्हणाले, "बिस्कीट देऊ?" मग सरांनी आपल्या घरचा डबा उघडला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात शेकडो कार्डं, प्रत्येकावर एक प्रश्न. रोज ते दोन-तीन कार्डं खिशात घालून आणत. म्हाताऱ्यानं सात खंड जंगलावर लिहिले, त्यात डास एकदाही का चावत नाही? तळावरच्या कुत्र्यांना नावं आहेत आणि बैलांना का नाहीत? बर्फात सहा महिने राहणारे हे लोक कपडे कधी धुतात?

डासांच्या वेळी धार जरा बारीक झाली. "म्हणजे तो लेखक जंगलात झोपलाच नसंल," सुखदेवभाऊ म्हणाले. सरांना ते इतकं पटलं, की त्यांनी ते वाक्य तिथेच तिकिटामागे लिहून घेतलं. पण हात थांबला नव्हता, म्हणून विषय रद्द.

एव्हाना मी सगळे खंड वाचून काढले होते आणि मला खात्री पटली होती, की या विक्षिप्त दिसणाऱ्या कार्डांत नागपूरच्या ग्रंथालयातल्या जाड जाड पुस्तकांपेक्षा जास्त अक्कल आहे. निसर्गावर तर मी लिहिणारच नव्हते. पण चार दिवस उरले होते.

त्या दिवशी तास संपल्यावर सर माझ्या टेबलापाशी आले. नेहमीसारखे पुढून नाही, बाजूनं. "एक हाये," ते म्हणाले. "पण हे मी स्टँडवर कधी नेलं नाई. तुमी न्या." त्यांनी एक कार्ड ठेवलं आणि घंटा झाली नसताना वर्गाकडे निघून गेले. कार्ड जुनं, कडेला पिवळं पडलेलं होतं. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'चाळीस माणसं जेवून राह्यले. मंग भांडे कोन घासते?'

मी मनातल्या मनात खंड उलटले. म्हाताऱ्याची माणसं सारखी जेवत असतात. मोठमोठ्या कढया, पातेली, पाव, मांस, कॉफीच्या किटल्या. चाळीस जण बसतात, उठतात, पाईप पेटवतात आणि दुसऱ्या परिच्छेदात सकाळ होते. सकाळी भांडी चकचकीत. सात खंडांत कुणीही कधीही एक ताट विसळलेलं नव्हतं.

संध्याकाळी सर स्टँडवर आले, पण टपरीत बसले नाहीत. वेळापत्रकाच्या फळ्याजवळ पाठ करून उभे राहिले. मी कार्ड वाचून दाखवलं. सुखदेवभाऊंचा हात वरच्या वर थांबला, किटली वाकलेलीच राहिली. ते माझ्याकडे बघत राहिले आणि चहा कपातून बशीत, बशीतून फळीवर वाहू लागला.

"म्हणजे पुस्तकात लिवलंच नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही लिहिलं."

आरमोरीच्या गाडीची वाट बघत भाजीच्या टोपल्या घेऊन दोन बाया बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "लिवनाऱ्यानं कवा घासले असतीन तर लिवंल ना." दुसरी म्हणाली, "एखांदी ठेवली असंल घासाले. तिचं नाव काऊन लिवते?" मग कढईला चिकटलेली चरबी थंडीत कशी निघेल, बर्फ वितळवून पाणी केलं तर लाकूड किती लागेल, यावर त्यांचं बोलणं असं रंगलं, की आरमोरीची गाडी लागली तरी त्या उठेनात.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा विषय अकरा वर्षांनी पास झाला होता. ते फळ्यावरची सिरोंचाची वेळ वाचत होते. सिरोंचाची गाडी सकाळीच जायची.

शनिवारी मी गडचिरोलीला गेले आणि मायला तोच प्रश्न सांगितला. माय वसतिगृहात साठ मुलींची भांडी घासायची. तिनं पदराला हात पुसले, जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, "चाळीस लोकाईचे म्हणजे दोघी पायजे. एकटीले दोन घंटे लागतीन. आन थंड पानी असंल तर बोटं फाटतात, हे लिव." मी ते लिहून घेतलं. माझ्या प्रबंधातलं ते पहिलं टिपण.

रविवारी दुपारी फॉर्म घेऊन मी सरांच्या घरी गेले. विभागातल्या वरिष्ठ प्राध्यापकाची त्यावर शिफारस लागत होती. तळ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, एकट्या माणसाचं, पण स्वच्छ. सरांनी स्वतः चहा केला, प्यायल्यावर दोन्ही कप लगेच विसळून पालथे घातले आणि मग फॉर्म हातात घेतला. ते सावकाश वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि तिथे थांबले. तिथे छापलेलं होतं, की हा विषय व त्यामागील कल्पना सर्वस्वी माझी स्वतःची आहे. खाली सहीची जागा.

"ह्या ओळीपर्यंत मी अकरा वेळा आलो," सर म्हणाले.

त्यांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला.

"ते कार्ड माझं नोहे, बाई. लीलाचं आहे. माझ्या बायकोचं." त्यांनी पत्र्याचा डबा पुढे ओढला. "सारेच तिचे. अक्षर तेवढं माझं. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. मी एम.ए.चा अभ्यास करत बसलो की म्हणे, एकटेच काय वाचता, मलेबी सांगा. मंग मी म्हाताऱ्याच्या गोष्टी तिले सांगायचो, आपल्या बोलीत. ती तांदूळ निवडत ऐके आन मधातच विचारे. त्यायच्याकडं मच्छरदाणी नाई का? बैलाले काय म्हणून हाक मारते? मले हासू ये. पण सकाळी उठून पाह्यलं तर उत्तर कुठीच नसे. मंग मी लिहून ठेवाले लागलो."

"मग तुम्ही हा विषय दिला नाहीत?"

"दिला ना. नागपूरले गेलो. तीबी संग आली, डबा घेऊन. बाहेर बाकावर बसली. दार उघडंच होतं. सायेब खुश झाले. म्हणाले, वा, हा प्रश्न तुमाले सुचला कसा? चांगल्या मनानं विचारलं त्यायनं. आन मी म्हणलो, वाचता वाचता सुचला."

बाहेर तळ्यावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं, त्यांना हाकारत होतं.

"बाहेर आलो. तिनं डबा उघडला. म्हणे, जेवून घ्या, पसंत पडलं ना. परतीच्या गाडीत भिवापूर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाई. मंग म्हणलो, लीला, तुझं नाव घ्याचं राहून गेलं. तर म्हणे, बरं केलं, हासले असते लोक तुमाले." सरांनी फॉर्म गुडघ्यावर सरळ केला. "मले हासले असते म्हणली. स्वतःले नाई."

त्याच पावसाळ्यात लीलाबाई तापानं गेल्या. मलेरिया डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. नागपूरहून फॉर्म आला तो त्यानंतर.

"सर, मग तुम्ही दुसरा विषय घ्यायचा होता," मी म्हणाले.

"तेच तर करून राह्यलो अकरा वर्षांपासून," सर म्हणाले. "पण कोणतंही कार्ड काढलं तरी तिचंच निंगते."

त्यांनी शिफारशीच्या जागी सही केली, तारीख घातली. मला म्हणाले, तुम्ही बेलाशक सही करा, तुम्हाला मी विषय दिला, काम तुमचं आहे. माझ्याकडून त्यांनी काही मागितलं नाही. डबा मात्र माझ्या हातात दिला आणि सांगितलं, की उन्हात ठेवू नका, शाई उडते.

सोमवारी मी नागपूरला गेले. मार्गदर्शकांनी विषय वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला. या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"गंमत आहे," ते म्हणाले. "बऱ्याच वर्षांपूर्वी तुमच्याच भागातले एक गृहस्थ नेमका हा विषय घेऊन आले होते. मी ताबडतोब हो म्हटलं होतं. ते परत आलेच नाहीत. तुम्हाला कसा सुचला हा?"

दार उघडंच होतं. बाहेरचा बाक मला बसल्या जागेवरून दिसत होता. त्यावर कुणी नव्हतं.

"मला नाही सुचला सर," मी म्हणाले. "हा लीलाबाई बोरकुटे यांचा प्रश्न आहे."

"त्या कोणत्या कॉलेजात आहेत?"

"कॉलेजात नव्हत्या. दुसरीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्या आता नाहीत. जे गृहस्थ परत आले नाहीत, त्यांच्या पत्नी." आणि मी सगळं सांगितलं. आवाज कुठेही चाचरला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. शेवटी मी म्हणाले, की छापलेल्या ओळीवर मी अशी सही करू शकत नाही. कल्पना त्यांची, अभ्यास माझा, असं खाली लिहून सही करीन. चालत नसेल तर सांगा.

त्यांनी फॉर्मवरची ती छापील ओळ पुन्हा वाचली. "असे आभार शेवटच्या पानावर मानतात," ते म्हणाले.

"आभार नाहीत सर. पहिल्या प्रकरणात, विषय कुठून आला ते सांगतात, तिथे त्यांचं नाव हवं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कोरा कागद ओढला. "स्पेलिंग सांगा," ते म्हणाले. "लीला कसं? एल नंतर नुसता आय, की डबल ई?"

"डबल ई," मी विचार न करता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये सर चाचणीचे पेपर तपासत होते. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही. एका मुलाच्या पेपरावर लाल शाईनं ते बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मी समोर बसले. शेवटी पेपराकडे बघतच त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं सर. विषय मंजूर झाला."

"काही म्हणाले?"

"विचारलं, कसा सुचला. मी लीलाबाईंचं नाव सांगितलं."

सरांचं लाल पेन थांबलं. शाईचा ठिपका कागदावर पसरायला लागला, तसं त्यांनी ते उचललं.

"हासले?"

"नाही सर. स्पेलिंग विचारलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून कॉलेजचं पटांगण दिसत होतं, तिकडे ते बघत राहिले. मोहाच्या झाडाखाली मुलं सायकली लावत होती. मग त्यांनी विचारलं, "कसं सांगितलं तुमी? आय, का डबल ई?"

"डबल ई. चुकलं का? बँकेच्या पासबुकात वेगळं असेल तर बदलून घेते."

"पासबुकात एकच आय होता," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "पण राहू द्या, बाई. तुमी दिलं तर राहू द्या. जास्तीचं तिले काहीच भेटलं नव्हतं."